शून्य दशांश सहा

सेल काढून हातात घेतला होता, तरी हिरवा दिवा लागला.

एकदाच लागला, पापणी लवावी इतकाच, आणि विझला. त्याने तळहाताकडे पाहिलं. शर्टाच्या बटणाएवढा सेल निमूटपणे तळहातावर पडून होता. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेला ट्रान्समीटर दर दहा सेकंदांनी एक हाक मारायचा, आणि हाक ऐकू आली की रिसीव्हरने दिवा लावून ओ द्यायची, हा चार महिन्यांचा शिरस्ता. आज तो शिरस्ता मोडायला हवा होता, कारण सेलमधून किती वीज जाते ते मोजणाऱ्या मीटरची टोकं पुसायची म्हणून त्याने आत्ताच सेल बाहेर काढला होता. दहा सेकंदांनी पुन्हा हाक गेली, पुन्हा दिवा लागला. दोन दिवसांच्या उपाशी माणसाने ताडकन उठून 'आलोच' म्हणावं, तसा. पहिल्यांदा त्याला हसू आलं. मग हसू ओठांवरच राहिलं.

गेली सव्वीस वर्षं तो रेडिओचे कान बनवत होता. पूर्वी ते कान मोठे असायचे, भिंतीतल्या विजेवर पोसलेले, त्यांच्या खाण्यापिण्याची कुणी विचारपूस करत नसे. आता सगळ्याच वस्तूंना एकमेकींशी बोलायचं होतं. पाण्याच्या मीटरला, दाराच्या कुलपाला, कोठारातल्या थर्मामीटरला. आणि तेही बटणाएवढ्या एका सेलवर, दहा वर्षं, मध्ये कुणी झाकण उघडून न बघता. लोकांना वाटतं, बोलायला शक्ती लागते. बोलायला लागतेच, पण बोलणं क्वचित. दिवसातून एकदा मीटर सांगणार, इतकं पाणी गेलं, की संपलं. सेल खाऊन टाकतं ते ऐकणं. हाक कधी येईल याचा नेम नाही, म्हणून अख्खा दिवस कान टवकारून बसायचं, आणि दिवसभरात कुणी हाक मारलीच नाही तरी बसण्याचा खर्च व्हायचा तो होतोच. हा खर्च कमी करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. नवं सर्किट एका मायक्रोॲम्पिअरच्या आत बसवायचं ठरलं होतं. मायक्रोॲम्पिअर म्हणजे ॲम्पिअरचा दहा लाखावा भाग. घरातल्या दिव्याला त्याची चाहूलही लागणार नाही. नमुन्याच्या चिपेवर त्याचं सर्किट शून्य दशांश सहावर आलं होतं. साहेबांनी तो आकडा स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहून त्याला चौकट काढली होती. चौकटीखाली कुणीतरी फुलही काढलं होतं. उद्या सकाळी दहा वाजता चिपचं अंतिम रेखाटन कारखान्यात जाणार होतं. एकदा गेलं की गेलं; चार महिन्यांनी चिपा हातात येतील, तोवर एक रेघही इकडची तिकडे करता येणार नव्हती.

चाचणीची खोली तांब्याच्या जाळीची होती. बाहेरच्या कुठल्याही लहरी आत येत नाहीत, आतल्या बाहेर जात नाहीत, मोबाइल मुका होतो. या खोलीत त्याला नेहमी बरं वाटायचं. इथे आपण आणि आपलं काम, तिसरं कुणी नाही. आज मात्र तो स्टुलावर बसून सर्किटकडे बघत राहिला आणि त्याला वाटलं, इथे तिसरं कुणीतरी आहे. सेल नाही, तर हे जगतंय कशावर? त्याची नजर जाळीतल्या भोकातून आत आलेल्या करड्या केबलवर गेली. कॉम्प्युटरकडून सर्किटला हुकूम द्यायचे ते या केबलमधून. ती चिपच्या पाचव्या पायाला लावलेली. आणि तिथे त्याला ते दिसलं. दिसलं म्हणजे डोळ्यांनी नव्हे. आतलं रेखाटन त्याला झोपेतही पाठ होतं. चिपच्या प्रत्येक पायाला एक राखण असते. बाहेरून जास्तीचा दाब आला तर तो आतल्या नाजूक भागांवर पडू नये म्हणून एक एकदिशी वाट ठेवलेली असते, जास्तीचं ते मुख्य पुरवठ्यात ओतून टाकणारी. केबलचा दाब सेलपेक्षा जास्त होता. म्हणजे चार महिने सर्किट त्या चोरवाटेने केबलमधून पोटभर जेवत होतं, आणि मीटर लावलेला होता सेलच्या वाटेवर. राजरोस जेवणाच्या ताटाशी पहारा आणि मागच्या दाराने पंगत! मीटर काही खोटं बोलला नव्हता. सेलकडून खरंच शून्य दशांश सहाच जात होते. बाकीचं दुसरं कुणी घालत होतं.

त्याने केबल उपसली. दिवा लागला नाही. सेल घातला, केबल तशीच बाहेर ठेवली. दिवा लागला, आणि मीटरचा काटा नव्हे, आता काटे कुठे राहिलेत, आकडे हलले आणि स्थिर झाले. चार दशांश तीन. त्याने पुन्हा सगळं काढलं, पुन्हा लावलं. चार दशांश तीन. तिसऱ्यांदा श्वास रोखून लावलं, जणू त्याच्या श्वासानेच आकडा फुगत होता. आकड्याला त्याची दया आली नाही. चूक नवशिक्याची होती, आणि गंमत म्हणजे नवशिक्याने ती केली नसती. नवशिक्याला असला आकडा दिसता तर तो घाबरून चार जणांना विचारत सुटला असता. त्याला मात्र तो आकडा दिसला तेव्हा आश्चर्यच वाटलं नव्हतं. आपल्या हातून झालेली वस्तू आपल्यासारखीच कमी खाणारी असणार, हे त्याने मनोमन धरलेलंच होतं.

ऑफिसात त्याला काटकसरे म्हणत. त्याचं आडनाव ते नव्हतं. पण इतक्या सहजतेने म्हणत की नवी आलेली एक हिशेबनीस वर्षभर त्याच्या पाकिटांवर तेच आडनाव लिहीत होती आणि त्यानेही कधी दुरुस्त केलं नाही. त्याला ते आवडायचं. चार शर्ट, दोन निळे, एक करडा, एक पांढरा. अकरा वर्षं झाली, तेच चार. कुणी नवा शर्ट घालून आलं की तो चहाच्या टेबलावर स्वतःची बाही चिमटीत धरून दाखवायचा. "कपडा वापरता आला पाहिजे. अकरा वर्षं! आहे कुठे विरलेला?" बघणारे बघायचे आणि खरोखरच कुठे विरलेला नसायचा. शेजारच्या टेबलावरची डिजिटलवाली, चिपमधलं आकडेमोडीचं काम जिच्याकडे होतं ती, एकदा म्हणाली होती, "काटकसरे, तुम्ही चालता का जमिनीवरून, की तरंगता?" तिला तो जरा टाळायचा. तिने वर्षभरापूर्वी सुचवलं होतं की रिसीव्हरला सारखं जागं ठेवायचंच कशाला? सेकंदातून एकदा डोळा उघडावा, हाक आहे का बघावं, नसली तर पुन्हा झोपावं. उत्तर सेकंदभर उशिरा जाईल, पाण्याच्या मीटरचं काय बिघडतंय? भर बैठकीत तो हसला होता. "डुलक्या काढणारा पहारेकरी कुणाला हवाय? माझा सतत जागा राहील आणि तुमच्या झोपलेल्यापेक्षा कमी खाईल." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, पण तेव्हा सगळे त्याच्याबरोबर हसले होते. तिने डुलकीसाठी आखलेला कोपरा रेखाटनातून काढून टाकायला लावला होता त्यानेच, जागा खातो म्हणून. तिने काढला. काढताना म्हणाली, "जुनी फाईल माझ्याकडे राहू दे." तो म्हणाला, "राहू दे, आठवण म्हणून."

काही न लागणारा. हे त्याला पहिल्यांदा कुणी म्हटलं, तर आईने. तो सात वर्षांचा असेल. पाहुणे आले होते, त्यांनी मुलांसाठी रंगीत खडूंची एकच पेटी आणली होती, आणि शेजारची पोरं, आतेभावंडं सगळी तिच्यावर तुटून पडली. तो खिडकीपाशी उभा राहून म्हणाला, "मला नको." नको कसली, जीव जात होता त्याचा त्या पेटीसाठी. पण आईने सगळ्यांदेखत त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "हा माझा शहाणा. याला काही म्हणजे काही लागत नाही." त्या हाताची चव खडूंपेक्षा गोड निघाली. तेव्हापासून जे हवं असेल ते आधी नाकारायचं आणि मग हाताची वाट बघायची, ही त्याला सवयच जडली. हात पुढे येईनासा झाला, आई गेली, सवय राहिली. पण आज जाळीच्या खोलीत बसून त्याला त्या दिवसाचा उरलेला तुकडा आठवला, जो इतकी वर्षं आठवला नव्हता. संध्याकाळी पाटीखाली दोन खडू होते, एक हिरवा आणि एक अर्धा तांबडा. ते कुणी ठेवले हे त्याने विचारलं नव्हतं. आपोआप आल्यासारखे त्याने ते घेतले आणि झिजेपर्यंत वापरले.

दार वाजलं. डिजिटलवालीने डोकं आत घातलं. "काटकसरे, उद्या दहाला फाईल पाठवतेय मी. काही शेवटचं बदलायचं असेल तर आत्ताच सांगा हं, मागाहून ओरडू नका."

त्याने हातातली केबल पाठीमागे घेतली. का घेतली, ते त्यालाही कळलं नाही.

"काही नाही," तो म्हणाला.

"नक्की?"

"नक्की."

ती गेली. तो खोटं बोलला होता, आणि जगावर काहीही परिणाम झाला नव्हता. दिवे तसेच होते, एसीची घरघर तशीच. झाकली मूठ सव्वा लाखाची. चार महिने कुणाला कळायचं नाही. चिपा आल्या की आकडा जास्त निघेल, मग म्हणता येईल, कारखान्यात काहीतरी बिनसलं. कारखाने बिचारे सगळ्यांच्या चुका अंगावर घ्यायलाच असतात. त्याने हा विचार शांतपणे शेवटपर्यंत नेऊन बघितला, चांगला इंजिनिअर नेतो तसा, आणि त्यात कुठेही गळती दिसली नाही. तेच त्याला आवडलं नाही. शून्य दशांश सहाही असाच दिसत होता.

घरी जाताना ऊन अजून होतं. रस्त्याच्या कडेला पदपथावर दर वीस पावलांवर पाण्याच्या मीटरांची लोखंडी झाकणं होती आणि तो रोजच्यासारखा त्यांच्यावरून चालला होता. या झाकणांखाली जायचं होतं त्याचं सर्किट. दहा वर्षं म्हणून पुरलेलं पाचव्या वर्षी मुकं होणार, मग कुणीतरी पहार घेऊन एकेक झाकण उचकटत या गल्लीतून त्या गल्लीत फिरणार. एका झाकणावर तो थांबला. मागून येणाऱ्या बाई त्याला वळसा घालून गेल्या. तो पुढे निघाला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण झाकणांना वळसे घालत चाललो आहोत.

तो दुसऱ्या मजल्यावर राहायचा, एकटा. तळमजल्यावर त्याची मोठी बहीण, अक्का. ती त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी, अकरा वर्षांपूर्वी यजमान गेले तेव्हा इथे येऊन राहिली. 'तू आपला वर, मी आपली खाली, कुणाचं कुणाला ओझं नको,' असं दोघांचं ठरलेलं. येत्या रविवारी ती लेकीकडे जाणार होती, लांबच्या गावी, कायमची. गुडघे गेले होते. महिन्यापूर्वी तिने विचारलं होतं, "जाऊ ना रे? तुझं कसं होईल?" आणि तो म्हणाला होता, "माझं काय व्हायचंय? मला काय लागतं? जा खुशाल." ती त्यावर बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली होती. नजर अशी की मीटर लावून ठेवलाय.

आज तिचं दार उघडं होतं. खोलीभर खोकी मांडली होती आणि ती मध्यभागी खुर्चीवर बसून दोरी कापत होती.

"आलास? बरं झालं. हे तुझं घेऊन जा वर." तिने मांडीवरचं वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं पुढे केलं. "एक निळा आहे, एक करडा. हे घालून वर्ष-दीड वर्ष काढशील. पुढचे तुझे तू शिवून घे. शिंप्याकडे माप आहे."

"कसले?"

"शर्ट, दुसरं काय? तुझा तो निळा मानेपाशी विरत आलाय. पुढच्या महिन्यात बदलणारच होते मी."

"अगं, माझ्याकडे आहेत की. अकरा वर्षं तेच—"

अक्काने कात्री खाली ठेवली. मग ती हसायला लागली. आधी तोंड मिटून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अरे माझ्या राजा, अकरा वर्षं शर्ट टिकतो का? तो निळा चौथा आहे. करडा तिसरा. पांढऱ्याचं तर विचारूच नकोस, पांढरा म्हणजे नुसता खर्च."

"चौथा?"

"इस्त्रीला द्यायचे ना मी? येताना एखादा दुसराच यायचा. नवा कोरा दिला असता तर तू हात लावला नसतास, म्हणून आधी दहा-बारा वेळा धुऊन, उन्हात घालून जुना करायचे. त्याचंच जास्त काम." ती डोळे पुसत म्हणाली. "आणि पोट सुटलं तसं दर वेळी शिंप्याला दोन बोटं वाढवायला सांगायचे. तुला कधी वाटलं नाही, शर्ट आपल्याबरोबर कसे वाढतात?"

नाही, त्याला कधी वाटलं नव्हतं. चांगला कपडा सैलावतो, असं त्याने एकदा चहाच्या टेबलावर सांगितलं होतं.

"मग मला सांगायचं नाहीस?"

"सांगणार होते पहिल्या वेळी. पण तू त्याच संध्याकाळी येऊन म्हणालास, ऑफिसात सगळे माझ्या शर्टाकडे बघत होते. इतका खूश होतास! म्हटलं, राहू दे. याला काय लागतं? एवढंच तर लागतं."

तो पुडकं घेऊन जिना चढला. वर चढताना त्याने पायऱ्या मोजल्या, ठरवून नव्हे, आकडे त्याच्या तोंडात आपोआप येतात म्हणून. अडतीस. अडतिसाव्या पायरीवर तो कठड्याला धरून उभा राहिला. तळमजल्यावर राहणाऱ्या बाईचे गुडघे कसे गेले, ते त्याला आता कळलं. डॉक्टरांकडे तोच तिला घेऊन गेला होता; डॉक्टर म्हणाले होते, फार जिने चढता का हो? आणि अक्का म्हणाली होती, छे, मी तर खालीच राहते. त्यानेही मान डोलावली होती. त्याला आत्ता रडू आलं नाही, पण इतकी लाज वाटली की त्याने किल्ली लावताना मागे वळून जिन्यात कुणी नाही ना ते बघितलं. आत खोली नेहमीसारखी होती. एक खाट, एक टेबल, एक कपाट, एक पातेलं. पाहुण्यांना दाखवावी अशी. त्याने पाण्याच्या जगाचं झाकण उचललं. भरलेला. सकाळी त्याने तो रिकामा केला होता. अकरा वर्षं रोज सकाळी रिकामा केला होता. आरशाखालचा बल्ब, जो त्याने कधी बदलला नव्हता. खाटेचा कुरकुरणारा पाय, जो एक दिवस कुरकुरायचा थांबला होता. आयत्या बिळावर नागोबा, तो स्वतःशी मोठ्याने म्हणाला, आणि मग त्याला हसू आलं, कारण नागोबा निदान बिळाला आयतं म्हणत असेल, हा तर म्हणत होता की मी बिळाशिवाय राहतो. त्या रात्री तो लवकर झोपला आणि त्याला छान झोप लागली. लाज वाटलेल्या माणसाला झोप लागू नये असा काही नियम नाही.

सकाळी त्याने निळा घातला, जुना. आरशासमोर कॉलर उलटी करून पाहिली. मानेपाशी धागे खरंच उसवले होते, अक्काची नजर शिंप्याची. साडेनऊला त्याने साहेबांना आणि डिजिटलवालीला जाळीच्या खोलीत बोलावलं. साहेब त्याच्याहून वयाने लहान, घाईत असले की पेनाचं टोपण उघडझाप करायचे. ते टोपण चालूच होतं.

"बघा," तो म्हणाला आणि सेल काढून टेबलावर ठेवला. दहा सेकंद गेले. हिरवा दिवा लागला.

साहेबांचं टोपण थांबलं. "सेल तर बाहेर आहे."

"हो."

"मग हा जगतोय कशावर?"

डिजिटलवालीला कळलं होतं. तिची नजर सरळ करड्या केबलकडे गेली होती आणि तिथून त्याच्या चेहऱ्याकडे. त्याला वाटलं, बोलायला हवं होतं हिने, सोपं गेलं असतं.

"दुसऱ्यावर," तो म्हणाला. "केबलमधून ओढत होता, पाचव्या पायाने. मी फक्त सेलच्या वाटेवर मोजत बसलो. शून्य दशांश सहा खरा आकडा नाही. सगळ्या तारा काढून मोजलं, चार दशांश तीन आहे. तीनदा मोजलं. काल दुपारी कळलं मला. काल या विचारायला आल्या तेव्हा मला माहीत होतं, आणि मी काही नाही म्हणालो."

साहेब खुर्ची शोधायला लागले. त्या खोलीत एक स्टूल सोडून काही नव्हतं. ते स्टुलावर बसले. "मी वर सगळ्यांना सांगून बसलोय हो," ते म्हणाले, रागाने नाही, दात दुखतोय म्हणून सांगावं तसं. "आता काय करायचं?"

"यांची डुलकी," तो म्हणाला. "सेकंदातून एकदा जागं व्हायचं. माझं सर्किट तेवढ्यापुरतं चालवलं तर एका मायक्रोॲम्पिअरच्या आत बसेल. मीच हसलो होतो तेव्हा. चुकलं माझं."

"जुनी फाईल आहे माझ्याकडे," डिजिटलवाली म्हणाली. "तीन आठवडे लागतील." मग थोड्या वेळाने, साहेब फोन करायला बाहेर गेल्यावर, ती सर्किटपाशी आली आणि केबलचं टोक हातात घेऊन बघत राहिली. "काल तुम्ही ही पाठीमागे धरली होती. मला दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, दहापर्यंत वाट बघू." ती म्हणाली. "नाहीतर पाठवली नसतीच मी फाईल." बाहेर जाऊन तिनेच फळ्यावरची चौकट पुसली. फूल ठेवलं.

दिवसभर लोक त्याच्याशी जरा हळू आवाजात बोलत होते, घरात कुणी आजारी असल्यासारखं. त्याला वाटलं होतं, अंगावरून काहीतरी ओरबाडून काढल्यासारखं होईल. तसं झालं नाही. भूक लागली. दुपारी त्याने डबा खाल्ला, आणि डिजिटलवालीने पुढे केलेल्या डब्याला सवयीने 'मला नको' म्हणून, मग हात पुढे करून घेतलंही.

संध्याकाळी तो वर गेला नाही. अक्काच्या दारात चपला काढल्या, खोकी ओलांडून आत गेला आणि कागद-पेन्सिल घेऊन तिच्यासमोर बसला.

"अक्का, तू माझं काय काय करत होतीस ते सगळं सांग. मी लिहून घेतो."

"अरे, शर्टाचं एवढं काय मनाला लावून घेतोस?"

"मनाला नाही. मला खरा आकडा पाहिजे. मी किती खातो, ते मला एकदा कळू दे."

तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. थट्टा नाही हे कळल्यावर ती खुर्चीत नीट टेकून बसली, आणि सांगायला लागली. इस्त्री. पाण्याचा जग. पायपुसणं. विजेचं बिल तारखेला भरणं, कारण तुला तारखा आठवत नाहीत, तुला वाटतं बिल वर्षातून दोनदा येतं. औषधाची बाटली संपायच्या आधी दुसरी त्याच जागी. बल्ब. खाटेला खिळा मारायला सुतार आणला होता, तू ऑफिसात होतास. खिडकीवरचं कोळिष्टक. तो लिहीत होता. कागदाची एक बाजू भरली, त्याने उलटला. सतरा झाले. अक्का थांबली.

"झालं?"

"झालंच की. एक राहिलं, पण ते काही काम नव्हे."

"सांग."

"सकाळी सात वाजता तू नळ सोडतोस ना, तो पाइप माझ्या मोरीतून खाली जातो. त्याचा आवाज येतो. तो आला की मी चहा टाकते. सात-सव्वासातपर्यंत नाही आला तर वर येऊन बघायचं, असं आपलं मी ठरवलं होतं. तू एकटा. काही झालं तर कळणार कुणाला?"

"आणि आलीस कधी?"

"तीनदा. एकदा तू परगावी गेला होतास, सांगायला विसरला होतास. दोनदा नुसता झोपला होतास. दाराला कान लावून घोरणं ऐकलं आणि आले खाली."

त्याने पेन्सिल खाली ठेवली. अकरा वर्षं. रोज सकाळी खाली कुणीतरी कान देऊन बसलेलं, आणि बहुतेक सगळ्या दिवशी काहीही न होणारं. बसण्याचा खर्च होतच होता. सव्वीस वर्षं तो ज्याच्या मागे होता ते त्याच्या पायाखाली होतं, आणि कशावर चालत होतं कोण जाणे. त्याने मान वर केली तेव्हा त्याचे डोळे भरले होते, आणि त्याने ते लपवले नाहीत.

"मी खोटं बोललो होतो तुला," तो म्हणाला. "जा खुशाल म्हणालो ते. जा तू, गुडघ्यांना जायलाच पाहिजे, लेक वाट बघतेय. पण मला काही लागत नाही हे खोटं आहे. मला लागतं, अक्का. फार लागतं."

अक्का काही वेळ दोरीचा गुंता सोडवत राहिली. "मला माहीत नव्हतं होय रे?" ती म्हणाली. "तू तोंडाने म्हणशील कधी, एवढीच वाट बघत होते. पन्नाशी उलटली तुझी." मग तिने खुर्चीखालून पाय पुढे घेतला, गुडघा चोळला. "सतरा कामांना माणूस ठेव, बाई ठेव, काय वाटेल ते कर. अठरावं माझं मी करीन. सातला मला एक रिंग दे. मी उचलणार नाही, बोलत बसायला वेळ नाही मला तिथे. वाजली की चहा टाकीन."

"आणि नाही वाजली तर?"

"नाही वाजली तर मी तुझ्या त्या ऑफिसातल्या बाईंना फोन करणार. त्यांचा नंबर लिहून दे मला आत्ता. कोण त्या, तुला तरंगता का म्हणणाऱ्या?"

त्याने नंबर लिहून दिला. मग स्वतःच्या कागदावर, सतराच्या खाली, अठरा घातला आणि पुढे लिहिलं: सकाळी सात, रोज. घड्याळात साडेसहा झाले होते, संध्याकाळचे. अक्का म्हणाली, "बघू, लागते का रिंग," आणि खोक्यांवरून आपला फोन शोधायला लागली.